जाडीचा चौथा भाग

जाड कादंबरीला ‘फार जाड आहे बुवा’ म्हणणाऱ्या माणसाशी मी त्या वाक्यानंतर बोलत नाही. माझं आपलं सरळ आहे. हेच लोक फोनवर अंगठा फिरवत दोन दोन तास घालवतात, तेव्हा त्यांना लांबी दिसत नाही. बाराशे सेहेचाळीस पानं म्हटली की लगेच कपाळाला आठ्या. वर मलाच ऐकवतात, दोनशे पानं सहज कमी करता आली असती म्हणून. कुठली दोनशे, असं विचारलं की गप्प बसतात, कारण वाचलेलीच नसतात.

मी छापखान्यात प्रूफं तपासतो. एकतीस वर्षं झाली. तिथे मला फौजदार म्हणतात, कारण माझ्या टेबलावरून चुकीचा स्वल्पविरामसुद्धा सुटून जात नाही. नोकरीला मला ताईने चिकटवलं. ती माझ्याआधी पाच वर्षं तिथे होती. हस्तलिखित हातात धरून ती मोठ्याने वाचायची आणि मी समोर बसून प्रुफावर पेन्सिल फिरवायचो. वाचायचं ते विरामचिन्हांसकट. ‘तो आला स्वल्पविराम पण बोलला नाही पूर्णविराम.’ नवख्या माणसाला हे ऐकून हसू येतं. पण या पद्धतीत थापा मारता येत नाहीत. जे लिहिलंय तेच तोंडातून येतं, वाचणाऱ्याची अक्कल मध्ये लुडबुडत नाही.

पुढे काचबिंदूने ताईची नजर गेली. एकदम नाही गेली, कडेकडेने गेली, आणि तिने ते वर्षभर कुणाला कळू दिलं नाही. ओळी पाठ असल्यासारख्या वाचायची. शेवटी एक अख्खा परिच्छेद सुटला, मालकांनी तिला बोलावलं आणि तिने त्याच दिवशी नोकरी सोडली. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. मी एक्केचाळीस. आईवडील कधीच गेले होते, लग्न तिचंही झालं नव्हतं आणि माझंही. घरात आम्ही दोघंच.

मग रोज संध्याकाळी छापखान्यातून आल्यावर मी तिला वाचून दाखवायला लागलो. सुरुवात अर्थात जाडीपासून. जाडी म्हणजे ती बाराशे सेहेचाळीस पानांची कादंबरी, घरात तिला आम्ही हेच नाव ठेवलं होतं. मी ती चार वेळा वाचली होती. ताईने एकदाही नाही. दिवसभर लोकांचं वाचून दमायची, घरी तरी डोळे मिटू दे म्हणायची. तिला गोष्ट माहीत होती ती सिनेमावरून. मी नोकरीला लागलो त्याच वर्षी जाडीवरचा सिनेमा आला होता आणि आम्ही दोघांनी तो सात वेळा पाहिला होता.

गोष्ट साधी आहे. नदीकाठी एक घर. आईवडिलांमागे थोरली बहीण धाकट्या भावाला वाढवते, त्याचं घर सांभाळते. पलीकडून एक नावाडी रोज येतो. बायको गेलेली, वय झालेलं, बोलणं कमी. दोघांमध्ये काहीतरी आहे, पण कुणी तोंड उघडत नाही. सिनेमाच्या शेवटी नाव रिकामी निघून जाते आणि थोरली कंदील घेऊन काठावर उभी राहते. थेटरात लोक हुंदके द्यायचे. मीही.

तर गेल्या वर्षी पेपरात आलं की त्या सिनेमाचा रिमेक येतोय.

माझं डोकंच फिरलं. रिमेकबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. एकदा नीट शिजलेलं पुन्हा चुलीवर चढवायचं कशाला? नव्या सिनेमात नटांचे दात फार पांढरे असतात. गरिबाच्या घराच्या भिंतीसुद्धा कुणीतरी मुद्दाम मळवल्यासारख्या दिसतात. आणि नदी अशी स्वच्छ, की त्यात कुणी कधी भांडी घासलीच नाहीत. मी पेपराला पत्र लिहिलं. ‘जुन्या चित्रपटाने कादंबरीला पुरेपूर न्याय दिला होता, आता तिच्या वाटेला जाऊ नये,’ असं स्पष्ट बजावलं. पत्र छापून आलं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी ते ताईला वाचून दाखवलं आणि ताई दिवसभर माझं कौतुक करत होती.

आता खरं सांगतो. त्या पत्रातला ‘पुरेपूर’ हा शब्द धडधडीत खोटा होता. जाडीचे भाग चार आहेत. जुन्या सिनेमाने तीनच घेतले होते. चौथ्यातलं फक्त पहिलं, कंदिलाचं पान उचललं होतं, पण कंदिलाशी गोष्ट संपत नाही. चौथ्या भागात नावाडी परत येतो, काठावर नाव लावतो आणि थोरलीला एकच शब्द विचारतो. ‘येतेस?’ ती काही बोलत नाही. पायातलं काढून हातात घेते आणि नावेत बसते. पुढची तीनशे पानं पलीकडच्या काठावरची आहेत. तिथे ती भांडते, आजारी पडते, पहिल्यांदा मोठ्याने हसते. धाकट्याला लेखकाने तिथून पुढे अर्धं पान दिलंय. तो दूध उतू घालवतो, एवढंच.

हे ताईला माहीत नव्हतं. कारण मी तिला ते वाचून दाखवलं नव्हतं.

छापखान्यात तेव्हा एक बाइंडर होता. पन्नाशीला टेकलेला, एकटा. बोटांवर कायम खळ वाळलेली, बोलणं मोजून. ताई नोकरीत होती तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ती बांधणी विभागात जाऊन बसायची. काय बोलायचे कोण जाणे. मी एकदा डोकावलो तर ती बोलत होती आणि तो दोरा ओढत ऐकत होता. ताईची नजर गेल्यावर मी तिला जाडी वाचून दाखवतोय हे त्याला कळलं. एवढं वजन त्या रोज चाचपडत कपाटातून कशा काढून देणार, म्हणाला. माझ्याकडून पुस्तक मागून घेतलं, उसवलं आणि चार भागांत वेगळं बांधायला घेतलं. ताईला हाताने ओळखता यावेत म्हणून प्रत्येक भागाच्या पाठीवर कापडाखाली दोरा घालून उंचवटे काढले. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. जसा एक भाग तयार होईल तसा माझ्या टेबलावर आणून ठेवायचा.

चौथा भाग आणला तेव्हा तो लगेच गेला नाही. टेबलाची कड नखाने खरवडत उभा राहिला. मग म्हणाला, “ताईंना हा नीट वाचून दाखवा. नावाडी यात जे विचारतो, ते मीच विचारलंय असं त्यांना सांगा. घाई नाही. वाचून झाल्यावर त्या काय म्हणतात ते कळवा.”

मला त्याचा राग आला असं नाही. माणूस चांगला होता, उगाच कशाला खोटं बोलू. पण मला घर दिसलं. संध्याकाळी कुलूप काढून मी आत शिरतोय आणि आत कुणी नाही. ऐकायला कुणी नाही. माझी मतं, माझी चिडचिड, माझी जाडी, हे सगळं ऐकणारं जगात एकच माणूस होतं आणि हा दोरा ओढणारा ते मागत होता. मी चौथा भाग टेबलाच्या खालच्या खणात टाकला आणि वर जुनी प्रूफं रचली.

घरी तिसरा भाग संपत आला होता. शेवटचं पान झालं. मागे बाइंडरने दोन कोरी पानं घातली होती. मी पान उलटलं आणि त्या कोऱ्या पानावरून सिनेमाचा शेवट वाचून दाखवला. कंदील, काठ, रिकामी नाव. माझ्या पदरची चार वाक्यं घातली आणि ‘समाप्त’ म्हणालो. ताईला ऐकताना एक सवय होती, पूर्णविराम आला की तिचं बोट गुडघ्यावर टेकायचं. त्या दिवशी ते बोट मध्येच वर राहिलं, मग ती उठली आणि चाचपडत जाऊन मला पाणी घेऊन आली.

आठवड्याने मी बाइंडरला म्हणालो, “वाचून झालं. ती काही म्हणाली नाही.” त्याने मान हलवली. बरं म्हणाला. चार महिन्यांनी नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेला. तो गेल्याचं मी ताईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं होतं, “जाताना काही म्हणाला?” मी नाही म्हणालो. तिने पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही.

बारा वर्षं हे असं गेलं. चौथा भाग मी फेकला मात्र नाही. माझ्या हातून ते होणंच शक्य नव्हतं. दरवर्षी सुट्टीच्या दिवशी काम आहे सांगून छापखान्यात जायचो आणि तो एकटाच वाचून काढायचो. जाडीतला सगळ्यात चांगला भाग तोच आहे. हे मत मी कुणालाही सांगू शकत नव्हतो.

आणि आता हा रिमेक. दिग्दर्शकाने मुलाखतीत छाती फुगवून सांगितलं की आम्ही पूर्ण कादंबरी घेतली आहे. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा एक रिमेक पुस्तकाशी इमानदार निघाला, आणि तोही नेमका माझ्या मुळावर.

ताई म्हणाली, “जाऊ या ना रे.”

“दिसायचं काय तुला त्यात?”

“ऐकेन की. जुन्यात काय दिसतं ते मला पाठ आहे.”

मी तिकिटं मिळत नाहीत म्हणालो. मग थेटरातला आवाज वाईट आहे म्हणालो. मग माझं डोकं दुखायला लागलं. तीन रविवार ढकलले. चौथ्या रविवारी मी दाढी करत असताना शिंपीणबाई दारात उभ्या राहिल्या. “भाऊ, तिकिटं काढली मी तिघांची. दुपारचा खेळ आहे. ताईंच्या शेजारी मी बसते, पडद्यावर काय चाललंय ते सांगत जाईन.” शिंपीणबाईंना पुस्तकाचं वेड नाही, सिनेमाचं नाही. दिवसभर मशीन चालवतात आणि ताईवर त्यांचा जीव आहे. मी साबण पुसला आणि शर्ट चढवला.

सिनेमा चांगला होता. हे लिहिताना माझा हात जड होतोय, पण होता. दात पांढरे होते, नदी स्वच्छ होती, तरीही चांगला होता. कंदिलाच्या प्रसंगाला ताई उठायला लागली, संपला समजून. शिंपीणबाईंनी तिला खाली बसवलं. “आहे अजून. सकाळ झालीय. नाव परत येतेय.” ताईने काठी पुन्हा मांडीवर आडवी ठेवली. मी पडद्याकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघत राहिलो. ‘येतेस?’ हा शब्द आला तेव्हा तिचं तोंड थोडं उघडलं आणि तसंच राहिलं. पुढचा पाऊण तास ती हलली नाही.

जिन्यावर मी लगेच तोंड सोडलं. “बघितलंस? शेवटच बदलला. सांगत नव्हतो मी? पुस्तकात यातलं काही नाही. लोकांना गोड लागतं म्हणून वाट्टेल ते घुसडतात.” माझा आवाज चढला होता. दोघंतिघं वळून बघायला लागली. एकतीस वर्षांत मी कुठल्या पुस्तकावर असा खोटा आळ घेतला नव्हता.

“मला आवडलं,” ताई म्हणाली. “बदललेलं असलं तरी.”

खाली दारापाशी मोठं पोस्टर होतं. शिंपीणबाई वाटेतलं सगळं वाचतात, दुकानांच्या पाट्यासुद्धा. त्यांनी बोट लावून, एकेक शब्द सुटा करत वाचलं. “कादंबरीच्या, चारही भागांसह, प्रथमच, संपूर्ण.”

ताई थांबली. “चारही?”

“चारही,” शिंपीणबाई म्हणाल्या. “तसंच लिहिलंय.”

घरी आल्यावर ताई चपला काढून थेट कपाटाशी गेली आणि जाडीच्या पाठींवरून हात फिरवला. एक उंचवटा. दोन. तीन. पुढे तिच्या बोटांना लाकूड लागलं. ती तिथे हात ठेवून उभी राहिली.

“चौथा कुठे आहे?”

मला अजूनही काहीतरी रचता आलं असतं. हरवला, वाळवी लागली, बाइंडरने बांधलाच नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिने चेहरा माझ्याकडे वळवला होता, अगदी बरोबर माझ्याकडे, आणि मी म्हणालो, “माझ्या खणात. छापखान्यात.”

“उद्या आण.”

दुसऱ्या दिवशी आणला. तिने तो दोन्ही हातांत घेतला, पाठीवरचे चारही उंचवटे मोजले. मग पुन्हा मोजले. खुर्चीत बसली आणि म्हणाली, “आता सगळं सांग. मध्ये काही गाळू नकोस.”

मी सांगितलं. टेबलाची कड, नावाडी, निरोप, आठवड्याने त्याला दिलेलं उत्तर. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तिच्यापुढे रडायचीही सोय नव्हती, कारण तिने ते आवाजावरून लगेच ओळखलं असतं.

“तो आहे कुठे आता?” तिने विचारलं.

“गेला. तीन वर्षं झाली.”

“तुला कुणी सांगितलं?”

“त्याच्या पुतण्याने निधनाची पत्रिका आपल्याच छापखान्यात छापायला पाठवली होती. चार ओळींची. माझ्याच टेबलावर आली.”

“चुका होत्या?”

“एक होती.”

“दुरुस्त केलीस?”

“केली.”

तिने मान हलवली. मला वाटलं आता ती ओरडेल, पुस्तक फेकेल. तसं झालं असतं तर मला सोसलं असतं. ती पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिली.

“शेवट वाचलास ना तू, त्या दिवशी,” ती म्हणाली, “तेव्हाच मला वेगळं वाटलं होतं. वाक्यं तोकडी येत होती. विराम भलतीकडे. हा लेखक असं लिहीत नाही. पण मला वाटलं, थोरली एकटी राहिली म्हणून तुझा गळा भरून आलाय. मी तुला पाणी आणून दिलं.”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

“पुस्तकात आहे म्हणून मी गेले असते, असं नाही रे. पण तेव्हा विचारायला मला कुणी नव्हतं. मी रोज मनातल्या मनात त्या थोरलीला विचारत होते. आणि तू तिला काठावर उभी करून टाकलीस.”

“मी वाचून दाखवतो,” मी म्हणालो. “आत्ता सुरू करतो. विरामचिन्हांसकट वाचतो. एक शब्द सोडणार नाही.”

“नको.”

“ताई, अगं मला तो भाग…”

“पाठ असेल. म्हणूनच नको. शिंपीणबाई वाचतील. त्यांना पुस्तकातलं काही कळत नाही. असतं तेवढंच वाचतात त्या.”

त्यानंतर तिने माझ्याकडून काहीही वाचून घेतलेलं नाही. पेपरसुद्धा नाही. बाकी सगळं पहिल्यासारखं आहे. ती माझं जेवण झाकून ठेवते, बटण तुटलं तर आठवण करून देते. संध्याकाळी मी एखाद्या पुस्तकाबद्दल तावातावाने बोलायला लागतो, ती ऐकते आणि ‘असेल’ म्हणते. एवढंच.

शिंपीणबाई दुपारी मशीन बंद करून वर येतात, सुट्टीच्या दिवशी मी घरी असतो तेव्हाही. बाहेरच्या खोलीत दोघी बसतात. मी स्वयंपाकघरात त्यांचा चहा ठेवतो. त्या फार वाईट वाचतात. जोडाक्षराला अडखळतात, लांब वाक्यात श्वास संपतो, नदीचं वर्णन किराणा मालाच्या यादीसारखं वाचतात. ताईने त्यांना छापखान्याची पद्धत शिकवली आहे. “नावाड्याने वल्हं खाली ठेवलं पूर्णविराम.” मी दाराआड उभा राहून पुढचं वाक्य ओठातल्या ओठात म्हणतो. दारातल्या फटीतून मला ताईचं बोट दिसतं. प्रत्येक पूर्णविरामाला ते गुडघ्यावर टेकतं, एकदाही चुकत नाही.

पहिल्याच रविवारी दोघी नावाड्याच्या त्या पानापाशी आल्या.

“अवतरण चिन्ह,” शिंपीणबाईंनी वाचलं. “येतेस, प्रश्नचिन्ह. अवतरण बंद.”

“हो,” ताई म्हणाली.

शिंपीणबाई थांबल्या. पानावर बोट ठेवून त्यांनी ती ओळ परत पाहिली. “ताई, ‘हो’ असं इथे लिहिलेलं नाही. ती बाई काही बोलतच नाही.”

“माहीत आहे,” ताई म्हणाली. “पुढे वाचा.”